माश्यांना काय सांगितलं

व्हिएन्नाहून आलेली बस फाटकाशी थांबली आणि म्हाताऱ्या येर्नेयच्या कपाळाला आठ्या पडल्या. आता घोळका उतरणार आणि त्यातलं एक तरी विचारणार, या मधमाश्या चावतात का? चावणार नाहीत तर काय, पाया पडणार?

हा सगळा उद्योग सुनेचा, श्पेलाचा. बाहेरच्यांना मधपेट्या दाखवायच्या, माहिती सांगायची, वर मध लावून पाव खायला घालायचा. घर त्यावरच चालत होतं, म्हणून येर्नेय गप्प बसे. पण माश्या त्याच्या. वसंतात त्याचा हात थरथरला आणि पोळ्याची भरलेली चौकट खाली पडली, तेव्हापासून पेट्या श्पेलाच उघडायची. माश्या माझ्या नावावर करता का, असं तिने एकदा विचारलंही. त्यावर तो म्हणाला, "मी मेल्यावर घे."

आज श्पेला पाहुण्यांना गावची रीत सांगत होती. घरधनी गेला की कुणीतरी पेट्यांवर टकटक करून माश्यांना कळवायचं. नाही कळवलं तर त्या रुसून निघून जातात. एक मास्तरीणबाई मोबाईल उगारून मागेच लागल्या, करून दाखवा ना. श्पेला नको नको म्हणत होती, पण बाई कुठल्या ऐकायला. शेवटी तिने पहिल्या पेटीवर बोटाने वाजवलं. त्या पेटीच्या फळीवर जुनं चित्र आहे, सैतान एका तोंडाळ बाईची लांब जीभ दगडी चाकावर घासतोय.

"मालक गेले गं बायांनो," ती आपल्या भाषेत म्हणाली. "आता मी तुमची मालकीण. सोडून जाऊ नका."

टाळ्या पडल्या. श्पेला वळली, तर मागे सासरा उभा, हातात मधाच्या बरण्या.

त्याने बरण्या पाहुण्यांपुढे मांडल्या. बस गेल्यावर मात्र त्याचं तोंड सुटलं. नाटक करायला रिकामी पेटी मिळाली नाही का? थट्टा माणसांना कळते, माश्यांना कळते का? ते जिभेचं चित्र माझ्या आजोबांनी काही उगाच नव्हतं काढवून घेतलं.

"चुकलं बाबा. आत्ता जाऊन सांगते त्यांना, की तुम्ही आहात."

"तू काही सांगू नकोस. आधीच पुष्कळ सांगितलंयस."

माश्या घरी परतायच्या वेळेला तो टोपी काढून पेट्यांकडे गेला. श्पेला मागच्या दाराशी थांबली. आता बाबा आपण बोललेलं सगळं खोडून काढणार, आणि माश्या नावावर करता का असं पुन्हा विचारायची सोयसुद्धा उरणार नाही.

म्हातारा एकेका पेटीवर टकटक करत पुढे सरकत होता.

"मेलो नाही अजून," तो वैतागून प्रत्येकीला सांगत होता. "बाकी ती म्हणाली ते खरं आहे."