बांगड्याला रम

बाबांचे वर्षश्राद्ध काल सोवळ्यात आटोपले. आज आईने त्यांच्या आवडीचा बांगडा तळला आणि पान वाढून फोटोसमोर ठेवले. मी शेजारी रमचा ग्लास ठेवला.

“उचल तो,” आई म्हणाली.

“बांगड्याला रम, कोलंबीला बिअर, हा त्यांचा धर्म होता. गावच्या राखणदार देवाला बाटली चालते, मग बाबांना का नाही?”

“राखणदार पिऊन नाट्यगीतं म्हणत नाही.”

मी हसले, पण आई हसली नाही. पदराने चष्मा पुसत म्हणाली, “डॉक्टरांनी बंद करायला सांगितली, तेव्हापासून मी त्यांच्या बाटलीत कोरा चहा भरत होते. बिचारे विश्वासाने प्यायचे, गायचेसुद्धा. आता खरी चाखली तर कळेल ना त्यांना, बायकोने फसवलं म्हणून.”

एवढ्यासाठी ती वर्षभर त्यांच्या फोटोकडे नीट पाहत नव्हती, हे मला तेव्हा कळले.

“त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं, आई. मला म्हणाले, ‘तुझ्या आईची रम जरा गोड होते. पण तिला बोलू नकोस, बांगडे बंद होतील.’”

“आणि ती गाणी?”

“तुला संशय येऊ नये म्हणून.”

“लबाड कुठला!” आई फोटोकडे बघून म्हणाली. मग तिने रम मोरीत ओतली, चहाचे आधण ठेवले आणि हातात घेतलेला साखरेचा डबा परत फळीवर सरकवला.