खालचं सील

"दांडा सोडू नका," सून म्हणाली. "हातानेच वर जाऊ द्या, हळू. सटकला तर दात जातील."

"चार आधीच गेलेत," सासू म्हणाली. पण मूठ ढिली केली नाही.

सासू म्हणजे माजी सासू. कोर्टाचा कागद येऊन दीड महिना झाला होता. कागदाने नात्यापुढे एक शब्द जोडला होता, एवढंच. सासूच्या कॉफीच्या दुकानातलं दांड्याचं मशीन मात्र कोणाचं माजी झालं नव्हतं. सात वर्षं त्याची सीलं सुनेनेच बदलली होती. अजूनही गळायला लागलं की फोन तिलाच जायचा.

सासूच्या मुलाला ते खटकायचं. "मशीन बिघडलं तर बोलव, नुसत्या गप्पांना नको," असं त्याने आईला बजावलं होतं. "खरं तर तूच शिकून घे, म्हणजे तिला बोलवायलाच नको."

म्हणून आज शिकवणी. पहिली आणि शेवटची.

मशीन बंद. वाफ सोडून दिलेली. सुनेने बोल्ट काढले, दांड्यासकट दट्ट्या वर उचलला आणि फडक्यावर आडवा ठेवला. त्याला तीन खाचा, खाचांत तीन काळी रबरी सीलं. कडक झालेली, चिरलेली. एक तिने उचकटून दाखवलं. उरलेली दोन सासूने काढली. नखाने.

नवी सीलं गरम पाण्यात मऊ व्हायला टाकली. तोवर दोघी भांड्याकडे बघत बसल्या.

"जेवलीस?"

"हो."

"खोटं."

सुनेने एक सील पाण्यातून काढलं. "हे वाटीसारखं असतं. सगळ्यात खालच्याचं तोंड खाली, पाण्याकडे. पाण्याचा दाब आला की वाटी पसरते नि भिंतीला चिकटते. थेंब वर चढत नाही. नीट बसलं की दीड वर्ष बघायला नको."

"दीड वर्ष," सासू म्हणाली.

"जास्तच."

सासूने बोटावर ग्रीस घेतलं. ही बाई चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवायची. वरची दोन सीलं तिने एका दमात बसवली, सुनेपेक्षा सफाईने. सुनेला बरं वाटायला हवं होतं. तिने एका पान्यावरचं ग्रीस पुसलं, मग तोच पाना पुन्हा पुसला. इथे यायला आता कारण उरणार नव्हतं. तशी कारणं तिने रात्रंदिवस शोधली होती. सगळी पोकळ निघाली.

तिसरं सील.

सासूने ते उजेडात धरलं. फिरवलं. तोंड खाली, तोंड वर, पुन्हा खाली. बराच वेळ बघितलं. मग बसवलं.

तोंड वर.

"आई, उलटं बसलं."

"हो का?" सासूने मान वर केली नाही. "असंच राहू दिलं तर किती दिवस टिकेल?"

"पंधरा. फार तर."

सासूने एकेक बोट फडक्याला पुसलं.

"आठवड्यात गळेल असं काही बसवता येतं का गं?"