बावड्याच्या बागेतलं घर

"चिंच पाडायची न्हाय, चिकू पाडायचा न्हाय, मग घर बांधायचं कुठं?" दादासाहेबांनी विचारलं.

"चिंचेला वळसा घालून," प्रतिक्षा म्हणाली.

बावड्यात दादासाहेब वाघमोड्यांशी असं कुणी बोलत नसे. त्यांना रस्त्यावरून दिसेल असं दुमजली घर हवं होतं. पुढं काचा, वर घुमट. प्रतिक्षानं बारामतीत बांधलेलं एक घर पाहून त्यांनीच तिला फोन केला होता. फोनवर तिनं त्यांचं नाव-गाव दोनदा विचारून घेतलं होतं. मग म्हणाली होती, "येते मी."

तिनं आराखडा आणला तो बैठ्या घराचा. चिकूच्या दोन ओळींमधून लांबट गेलेलं घर, चिंचेपाशी वळलेली भिंत, स्वयंपाकघराची रुंद खिडकी विहिरीकडं. छत झाडांच्या शेंड्यांच्या खालीच थांबलेलं.

"आन् लोकांना दिसणार कसं?"

"लोक आत येतील, तेव्हा दिसेल."

दादासाहेब दोन दिवस धुसफुसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी होकार कळवला.

काम सुरू झालं. प्रतिक्षा पहाटे बारामतीहून निघायची, उन्हं वर येण्याआधी बागेत हजर. सावली कुठं पडते, वारा कुठून येतो, हे बघत नुसती हिंडायची. एकदा ती विहिरीपाशी थांबली.

"इथं सोनचाफा होता ना?"

"व्हता. लई वर्षांमागं वाळला," दादासाहेब म्हणाले. "तुमाला कुणी सांगितलं?"

"अशा विहिरींजवळ असतो बऱ्याचदा."

पुढच्या आठवड्यात तिनं स्वतःच्या हातानं तिथं सोनचाफ्याचं रोप लावलं. गवंड्यांपैकी कुणाला हात लावू दिला नाही.

दादासाहेबांच्या दुसऱ्या पत्नी, म्हाळसाबाई, रोज चहा घेऊन यायच्या. दोन्ही मुलगे पुण्याला, त्यामुळं त्यांना बोलायला माणूस हवं असे. दादासाहेबही मग पायरीवर टेकायचे. एका दुपारी स्लॅबवर पाणी मारणं चाललं होतं, तेव्हा ते म्हणाले, "तुमच्या वडलांचं नशीब म्हणायचं. अशी लेक पोटाला आली."

"तुम्हाला मुलगी नाही?"

दादासाहेबांनी कप खाली ठेवला. "न्हाय. पोरंच दोन."

म्हाळसाबाई रिकामी भांडी गोळा करून आत गेल्या. प्रतिक्षानं टेप उचलली आणि पडवीची रुंदी पुन्हा मोजली.

वास्तुशांतीला इंदापूर-बारामतीकडची माणसं लोटली. रस्त्यावरून घर दिसेना, म्हणून काही जण पुढं जाऊन परत फिरले. आत आले आणि वहाणा काढून पडवीतच टेकले. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि पडवीत चिंचेची थंडगार सावली हलत होती. बाग कुठं संपते आणि घर कुठं सुरू होतं, तेच कळत नव्हतं. विहिरीकडच्या खिडकीपाशी बायकांची दाटी झाली होती.

दादासाहेब प्रत्येकाला हाताला धरून फिरवत होते. "एक फांदी तोडल्याली न्हाय. बघा, भित्ताड कसं वळवलंय." छाती पुढं काढून, जणू भिंत त्यांनीच वळवली होती.

प्रतिक्षा पडवीच्या टोकाला उभी होती. बरीच घरं बांधली होती तिनं, पण काम संपल्यावर कुठल्याच घराकडं इतका वेळ पाहत राहिली नव्हती. घर चांगलं झालं होतं. तिला ते कुणी सांगायला नको होतं.

जेवणाच्या पंगती बसण्याआधी दादासाहेबांनी सगळ्यांना दाराशी बोलावलं. दाराशेजारच्या काळ्या दगडावर कोरलेलं होतं: दादासाहेब तात्याबा वाघमोडे. खाली जागा मोकळी होती.

"ही जागा मॅडमची," ते म्हणाले. "माझ्या नावाखाली त्यांचं नाव. समद्यांच्या देखत कोरायचं. माझ्यामागं माझ्या नातवंडांनी वाचावं, घर कुणी बांधलं."

टाळ्या झाल्या. विशाल पाथरवटानं छिन्नी हातात घेतली. "मॅडम, पूर्ण नाव सांगा."

"प्रतिक्षा हे आईनं शाळेत घालताना लावलं," ती म्हणाली. "दगडावर जन्माचं नाव घाला, वडिलांनी ठेवलेलं."

"सांगा."

तिनं दादासाहेबांकडं पाहिलं आणि एकेक शब्द सावकाश सांगितला.

"नकोशी दादासाहेब वाघमोडे."