खोडलेल्या ओळी
घराघरांत पाळत ठेवणारे टीव्हीचे पडदे आणि पुस्तकांवर बंदी असलेल्या राज्याची कादंबरी बाई जीव तोडून शिकवत होत्या. वर्गाने मात्र मोबाइलवर सारांश वाचून केव्हाच हात झटकले होते. आज बाईंनी वाटलेल्या प्रतींत काही ओळी काळ्या शाईने खोडलेल्या निघाल्या. “वरून हुकूम आलाय,” बाई करड्या आवाजात म्हणाल्या, “खोडलेलं कुणीही वाचायचं नाही!” झालं! मोबाइल दप्तरात गेले, अख्खा वर्ग खिडकीकडे धावला. पान उन्हासमोर धरलं की शाईखालची अक्षरं दिसत होती. “सरक ना, मला वाचू दे!” एकच गलका झाला. एरवी अवाक्षर न काढणारी एक घुमी मुलगी तावातावाने ओरडली, “बाई, इथे तर कुणी म्हातारा नुसता बूट पुसतोय! हे खोडायचं कोणी ठरवलं?” याच प्रश्नाची वर्षानुवर्षं वाट पाहणाऱ्या बाईंनी शाईने माखलेला अंगठा मुठीत दडवला.