लाईन कुणाच्या नावावर

"धर्मा, ज्याच्या नावानं लाईन घेतली, त्याच्याच तोंडानं परत द्यायची. सख्खा भाव आला तरी त्याच्या तोंडानं नाय!"

गंगारामचा हा आवाज सात वर्षं धर्मराजच्या कानात मुक्कामाला होता. आत्ता तर तो गांधीलमाशीसारखा घोंघावत होता. कारण खड्ड्यातून दत्तू ओरडत होता, "काका, जॉइंट झाला! दत्तू बोलतोय म्हणून तुमीच सांगा ना खाली सबस्टेशनला. हत्यारं गोळा करतो, दोन मिनिटांत वर आलो. टेन्शन नका घेऊ!"

लाईन घ्यायची म्हणजे सबस्टेशनात आपलं नाव नोंदवून वीज बंद करून घ्यायची. काम झालं, माणसं वर आली, की त्याच माणसाने 'लाईन परत' म्हणायचं. मग तिकडे स्विच पडतो आणि इकडे केबलमध्ये अकरा हजार व्होल्ट धावतात.

खारघरच्या डोंगरावरची ही वाडी. खांबावरच्या तारा दर पावसाळ्यात तुटायच्या. गेल्या साली एकोणीस दिवस अंधार. त्या अंधारात वाडीतल्या म्हाताऱ्या गोजराची सून बाळंतपणात गेली. म्हणून कातळ फोडून जमिनीखालून ही दुसरी केबल चढवली होती. वरची मेली तर खालची जागी व्हावी.

गोजरा सकाळपासून करपलेल्या कारवीच्या सावलीत बसून होती. "आली का रं बाबा तुमची वीज?" तिने विचारलं. "का तीबी माहेराला गेली?"



खड्ड्यात वॉकीटॉकी लागत नव्हता. म्हणून धर्मराज सेट घेऊन वर टेकाडावर उभा होता. सकाळी, धर्मराज यायच्या आधी, इथूनच दत्तूने आपल्या नावाने लाईन घेतली होती. सेट खरखरला.

"दत्तू, उरकलं का? साहेब दोनदा विचारून गेले."

धर्मराजच्या तोंडचं पाणी पळालं. हा तर सबस्टेशनच्या सरोजिनीबाईंचा आवाज! त्या इथे बदलून आल्यात हे त्याला ठाऊक नव्हतं.

सात वर्षांपूर्वी, शिरवण्याच्या त्या कामावर, फोनच्या पलीकडे याच बाई होत्या. गंगाराम खड्ड्यात होता. 'आटोपलंच' म्हणाला होता. धर्मराज फोनपाशी होता. भजनात गंगारामची हुबेहूब नक्कल करून तो सगळ्यांना हसवायचा. त्या दिवशी त्याच आवाजात तो बोलून गेला, "गंगाराम बोलतोय. लाईन परत." आणि गंगाराम वर आलाच नाही.

चौकशीत बाईंनी सांगितलं, आवाज गंगारामचाच होता. चूक मेलेल्याच्या माथी बसली. धर्मराज गप्प राहिला. तेव्हापासून सबस्टेशनशी फोनवर त्याने तोंड उघडलं नव्हतं. आज बाईंनी तोच आवाज ओळखला तर?

"दत्तू? ऐकू येतंय ना?"

दत्तूची नक्कल तर आणखी सोपी होती. 'हां मॅडम, झालं', एवढंच. बाईंना कळणार नाही. नोकरी राहील, गावात मान राहील. दोन मिनिटांचा तर सवाल. खड्ड्यात पाना दगडावर आपटल्याचा आवाज आला. दत्तू शीळ घालत होता. धर्मराजचा अंगठा बटणावर घामाने घसरला.

त्याने बटण दाबलं.

"बाई, मी धर्मराज बोलतोय. शिरवण्याचा. लाईन दत्तूच्या नावावर हाय, आन दत्तू अजून खड्ड्यात हाय. तो सोता बोलंपर्यंत स्विचला हात लावू नका."

पलीकडे नुसती खरखर. त्या दिवशीचा आवाज ओळखला, त्याला वाटलं. आता पोलीस, आता गंगारामची बायको, आता सगळा गाव. तो खाली बसला.

मग बाईंचा आवाज आला. हळू, घोगरा. जवळ कुणी नाही हे पाहून बोलावं तसा.

"धर्मराज, चौकशीत मी खोटं बोलले. तो आवाज गंगारामचा नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. साहेब घाई करत डोक्यावर उभे होते, म्हणून मी स्विच टाकला."