मालकीणबाईस दंडवत

पाच तारखेची मनिऑर्डर गेली नाही, हे सरजाबाईला सात तारखेला दुपारी कळलं.

खानावळीत पंगत बसली होती. मार्केट यार्डातले हमाल, अडतीवरचे मुनीम आणि लातूर जिल्हा झाल्यापासून नव्यानं आलेले चार-दोन कारकून. वाढता वाढता तिनं लेकाला विचारलं, "व्यंकटी, भाड्याची पावती कुठाय?"

व्यंकटीनं पाण्याची कळशी खाली ठेवली. "धाडलं न्हाई भाडं."

"का?"

"वकिलाला इचारलं म्या. तो म्हनला, बंद कर, बघू काय करत्यात. मालकीण बसली हैदराबादला लेकाकडं. धा वर्सांत एकदा तरी आली का हिकडं?"

सरजाबाईनं भाकरीची परात चुलीपाशी आदळली. "उठा रे समदे. आज जेवन न्हाई."

"अहो मावशी, अर्धी भाकरी झाली की," एक कारकून म्हणाला.

"अर्धी खाल्ली तर अर्ध्याचे पैसे देऊ नगा. उठा."

पंगत उठली. पिठाच्या हातानंच ती पोस्टात गेली आणि तारेनं मनिऑर्डर केली. तारेचे पैसे वर भरले. ते व्यंकटीच्या विडी-चहातून महिनाभर कापले.

असं पूर्वी कधी झालं नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात विहिरीत घागर बुडेना, तेव्हा मालकीण उमादेवी एक ट्रंक घेऊन हैदराबादच्या गाडीत बसली. त्याच साली सरजाबाईच्या पायातले चांदीचे तोडे गेले, गळ्यातली पुतळ्यांची माळ गेली. भाड्यापायी बाई नागवली, असं गल्ली म्हणाली. सरजाबाई कुणाला काही बोलली नाही. विधवा बाईनं खानावळ चालवायची आणि वर गल्लीला हिशेब द्यायचा, एवढी ती रिकामी नव्हती.

मनिऑर्डरच्या कागदावर मजकुराला चार बोटं जागा असते. तेवढं ती स्वतः लिहायची. दुसरीपर्यंतची अक्षरं, एकमेकांच्या अंगावर पडलेली.

"मालकीणबाईस सरजाबाईचा दंडवत. मागली भित पडाया झाली हाय. तुमचा हुकूम आला की बांधून घेते. तबेतीचं कळवावं."

व्यंकटीनं एकदा ते वाचलं आणि हसला. "दंडवत? तू? परवा त्या साहेबाला म्हनलीस, आधी पाय धू, मग आत ये."

"पाय घान व्हते त्याचे."

"अन् भिंत तर मागल्या म्हैन्यातच बांधली की आपन."

"बांधली. पर इचारावं लागतं."

"आधी बांधायची अन् मग इचारायचं?"

"तुझं डोस्कं पाट्या उचलाया दिलंय देवानं. तेवढंच कर."

संक्रांत झाली आणि एक मनिऑर्डर परत आली. पोस्टमन दारातच उभा राहिला. "मावशी, घेणारी बाई वारली म्हणून लिहिलंय."

सरजाबाई उंबऱ्यावर बसली. त्या दिवशी तिनं कुणालाही शिवी दिली नाही. हमालांना जेवण गोड लागेना.

व्यंकटीचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. कचेऱ्यांसाठी, साहेबांच्या बिऱ्हाडांसाठी माणसं जागा शोधत फिरत होती. गल्लीतल्या दोन भाडेकऱ्यांना मालकांनी बाहेर काढलं होतं. "म्हातारी व्हती तवर ठीक व्हतं," तो म्हणे. "आता तिचा ल्योक यील. चुलीसकट रस्त्यावर येऊ आपन."

लेक महिन्याभरात आलाच. गुरुलिंग नाव, पन्नाशीचा, पांढरी टोपी, हातात कातडी बॅग. सरजाबाईनं त्याला खाटेवर बसवलं, चहा दिला. स्वतः समोर जमिनीवर बसली.

"माती नीट दिली का?"

"दिली की. जंगम बोलावले, सगळं रीतीनं केलं."

"लई दिस पडून व्हती?"

"चार दिवस. हाल नाही झाले, मावशी. घरात मान होता तिचा. माझी बायको जरा कडक आहे, खोटं कशाला बोलू? पण दर महिन्याला मनिऑर्डर आली, की आईचं ताट आधी. तुमचा मजकूर आई मोठ्यानं वाचून दाखवायची. लातुरात घर असलेली सासू म्हटल्यावर माणसं जपतात."

"अन् मागं दोन दिस उशीर झाला तवा?"

गुरुलिंगनं कपातला चहा हलवला. "बायकांची बोलाचाली होतेच. आई दोन दिवस ओसरीवर बसून होती. तार आली, मिटलं."

सरजाबाईनं व्यंकटीकडं पाहिलं. त्यानं मान वळवली.

"उपाशी तर न्हाई ना ठिवली कधी?"

"छे! शेवटच्या दिवशीसुद्धा शिरा खाल्ला." त्यानं कप खाली ठेवला. "आता कामाचं बोलतो. घराला गिऱ्हाईक आलंय. पंधरा दिवसांत खाली करा. तुम्ही भाडं कधी चुकवलं नाही, म्हणून नोटीस न धाडता स्वतः आलो."

"दादा," व्यंकटी पुढं झाला, "चाळीस मानसं जेवत्यात हितं. आमी जावं कुठं? भाडं वाढवा पायजे तर—"

"तू गप," सरजाबाई म्हणाली.

ती गुडघ्यावर हात टेकून उठली. आत गेली. बराच वेळ पेटीचा आवाज येत राहिला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात घडीवर फाटलेला एक स्टॅम्पपेपर होता. तिनं तो गुरुलिंगच्या मांडीवर ठेवला.

"मोठ्यानं वाच. माझ्या लेकालाबी ठावं न्हाई. तुझ्या आईनं आन घातली व्हती, ती जिती हाय तवर कुनाला दावायचं न्हाई."

गुरुलिंगनं चष्मा लावला आणि कागद दाराच्या उजेडाकडं धरला.

"खरेदीखत. सन एकोणीसशे बहात्तर. लिहून देणार उमादेवी. लिहून घेणार सरजाबाई. राहतं घर आज रोजी पूर्ण रक्कम पावून कायमचं विकत दिलं असे."