कानाची उंची

टेपचे टोक त्याने स्पीकरच्या लाकडी मनोऱ्याच्या पायाशी टेकवले आणि पट्टी वर सरकवत नेली. उंच सूर काढणाऱ्या छोट्या घुमटाशी ती थांबली. एकशे चार सेंटिमीटर. दुसऱ्या मनोऱ्याचेही तेवढेच. दोन्ही आकडे त्याने वहीत उतरवले.

“काय हो भाऊ, सदरे शिवायचेत का त्यांना?” दारातून साडूने विचारले.

“शास्त्र आहे हे. थट्टा नव्हे,” तो म्हणाला.

एका प्रयोगशाळेत तो इतरांची मापनयंत्रे तपासत असे. सासरी त्याला पाठीमागे ‘मिलिमीटर’ म्हणत. हे त्याला ठाऊक होते आणि मनातून आवडतही होते. साडू दंतवैद्य होता, वयाने सात वर्षांनी लहान आणि उंचीने ताडमाड. दोन महिन्यांपूर्वी त्याने हे स्पीकर घेतले होते. छातीएवढे उंच, अक्रोडी रंगाचे आणि इतके जड की जिन्यावरून चढवायला चार माणसे लागली. दिवसभर दात कोरायच्या यंत्राची किंचाळी ऐकणाऱ्या कानांना इतक्या तलम आवाजाचे करायचे काय, असे मिलिमीटरने घरी बायकोला विचारलेही होते. ती हसली नव्हती.

हसली असती तर तो आज टेप घेऊन आला नसता. तीन रविवारांपूर्वी धाकट्या बहिणीकडून परतल्यावर तिने चप्पल काढता काढता म्हटले होते, “तिकडे गाणारी अगदी समोर उभी राहते हो. आपल्याकडे ती डावीकडच्या खोक्यात बसलेली असते.”

खोके! बावीस वर्षांपूर्वी त्याने स्वतः आकडेमोड करून, फळ्या कापून, रात्रंदिवस खपून बांधलेले स्पीकर ते. त्याने तिला शांतपणे समजावले. वस्तू महाग आहे असे कळले की ती चांगली भासते. हा मनाचा दोष आहे, कानाचा नव्हे, आणि तो प्रयोगांनी सिद्ध झालेला आहे. ती “असेल” म्हणाली. स्पष्टीकरण निर्दोष होते, पण तिचे ते ‘असेल’ त्याला सलत राहिले. त्यानंतर प्रत्येक रविवारी ती बहिणीकडे गेली. सोमवारी स्वयंपाकघरातून एखादी नवी चाल गुणगुणताना ऐकू आली की ती कोणाच्या घरून आली आहे, हे त्याला न विचारता कळे.

आता त्याने खिशातून लाल किरणाचा दिवा काढला. मनोऱ्यांच्या तळाचे मागचे टेकूचे खिळे उंच करून ते किंचित पुढे झुकवलेले होते. घुमटापासून निघालेली रेषा समोरच्या एकुलत्या खुर्चीपाशी नेमकी अठ्ठ्याण्णव सेंटिमीटरवर उतरत होती.

“इथे बस जरा,” त्याने साडूला फर्मावले आणि त्याच्या कानाला टेप लावली. “एकशे चौदा! सोळा सेंटिमीटरची चूक. एवढे हत्ती दारात बांधलेस आणि आवाज तुझ्या गळ्यापाशी जातोय. झुकवायचा शहाणपणा कोणी केला?”

इतके बरे त्याला तीन आठवड्यांत वाटले नव्हते. बायको आणि मेहुणी आतल्या खोलीत होत्या. त्यांनाही ऐकू जावे अशा बेताने तो बोलला होता.

साडू खुर्चीतून उठला. “मीच केला. पण मी कुठे बसतो इथे? मी त्या भिंतीपाशी, स्टुलावर. ही जागा हिची. अठ्ठ्याण्णव ही हिच्या कानाची उंची आहे.”

“आणि तू?”

“मला कोपऱ्यातून ऐकू येतं तेवढं पुरतं. अहो, नीट ऐकू येईल अशी जागा खोलीत एकच असते, हे तुम्हीच तर शिकवलंत मला. तुमच्या घरी, तुमच्या खुर्चीत बसून. मग म्हटलं, एकच आहे तर तिला देऊ. ताई आल्या की त्यांना बसवते ती. स्वतः खाली सतरंजीवर.”

मिलिमीटरने टेपवरचे बोट उचलले. टेप फटकन आत गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बायको शाळेतल्या सभेला गेली होती. तो आपल्या बैठकीच्या खोलीत उभा राहिला. मधोमध त्याची खुर्ची होती. तिच्या चार पायांखाली फरशीवर पांढऱ्या रंगाच्या चार खुणा होत्या. त्या खुणांवरून खुर्ची हलवायची नाही, हा घरचा कायदा होता. बायको केरसुणीही तिच्या भोवतीने फिरवत असे. डाव्या भिंतीला दिवाण होता. त्यावर तपासायच्या वह्यांचा ढीग आणि लाल पेन. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून ती संध्याकाळी तिथेच बसत आली होती.

त्याने टेप काढली. दिवाणापासून डावा स्पीकर नव्वद सेंटिमीटर. उजवा, तीन मीटर चाळीस. हे आकडे त्याने वहीत लिहिले नाहीत.

त्याने एक संथ गाणे लावले, सवयीने खुर्चीकडे दोन पावले टाकली आणि थांबला. मग वह्यांचा ढीग अलगद बाजूला सारून तो प्रथमच दिवाणावर बसला, भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटले.

गाणारी डावीकडच्या खोक्यात बसली होती.